नाताळच्या ताटात भाजलेले सफरचंद

नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत देशभरातील बेकऱ्यांमध्ये केकची मागणी वाढते. सणाला गोड हवेच, त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र ते गोड कशातून यावे, याचा विचार व्हावयास हवा. मैदा, साखर, लोणी आणि अंडी समभाग घेऊन केलेल्या साध्या केकच्या १०० ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक हितावह ठरते. दररोज २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅमच होत. एका तुकड्यातच दिवसाची मर्यादा संपते.

यावर ‘साखरेऐवजी गूळ किंवा मध’ हा उपाय हमखास सुचविला जातो. तो फसवा आहे. गूळ, मध आणि फळांचा रस यांतील शर्कराही याच मर्यादेत मोजली जाते. अखंड फळातील शर्करा मात्र तीत धरली जात नाही. म्हणून खरा पर्याय गोडी बदलण्याचा नसून, फळालाच मुख्य पदार्थ करण्याचा आहे.

भाजलेले सफरचंद हे त्याचे सुटसुटीत उदाहरण होय. सहा मध्यम सफरचंदांचा गाभा तळाला भोक न पाडता कोरून काढावा. साल फाटू नये म्हणून मध्यभागी सभोवार हलकी चीर द्यावी. ६० ग्रॅम अक्रोडाचा चुरा, ४० ग्रॅम बेदाणे, अर्धा चमचा दालचिनीपूड आणि दोन चमचे लोणी यांचे सारण भरावे. भांड्यात पाव कप पाणी घालून १८० अंश सेल्सिअसला ३५ ते ४० मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर फळे मऊ होऊ द्यावीत. उष्णतेने पेक्टिन सैल होऊन गर मऊ होतो आणि थोडे पाणी उडाल्याने गोडी दाट लागते. साल ठेवल्याने तंतुमयता टिकते. साखरेचा कणही लागत नाही.

या पदार्थाचे दुसरे मोल बागेशी निगडित आहे. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील बागायतदाराला फळाच्या चवीइतकाच, किंबहुना अधिक, भाव त्याच्या रूपाचा मिळतो. गारपिटीचा सुकलेला व्रण, फिका रंग किंवा लहान आकार एवढ्याने फळ खालच्या प्रतीत जाते. हिमाचलमध्ये अशी फळे बाजार हस्तक्षेप योजनेखाली खरेदी केली जातात; २०२३ च्या हंगामात त्यांचा दर किलोला १२ रुपये होता. त्यांतील बरीच फळे रसनिर्मितीकडे वळतात. भट्टीत मात्र रूपाचे महत्त्व उरत नाही. साल सुरकुतली की गारेचा व्रण कोणाच्या नजरेस पडणार?

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. सालीवरील कोरडा डाग आणि सड या भिन्न गोष्टी आहेत. बुरशीने सडलेल्या सफरचंदात पॅट्युलिन हे विष तयार होऊ शकते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. डागी फळ स्वीकारावे, सडके टाकून द्यावे.

ग्राहकाने डागी फळ मागितले नाही, तर व्यापारी ते शहरात आणणार नाही. आणि ते कशासाठी वापरावे हे ठाऊक नसेल, तर ग्राहक ते मागणार नाही. ही कोंडी घरगुती पाककृतीनेच फुटू शकते. कृषी विज्ञान केंद्रांनी व गृहविज्ञान महाविद्यालयांनी जॅम आणि सरबताच्या प्रशिक्षणाबरोबर, साखर न घालता फळ भाजण्याचे प्रात्यक्षिकही द्यावे. विक्रेत्यांनीही ‘भाजण्यास योग्य’ असा वेगळा ढीग लावून वाजवी दर ठेवावा. सणाच्या ताटातील एका फळाने कुटुंबाची साखर घटेल आणि गारपिटीने पोळलेल्या बागायतदाराच्या पदरी रसाच्या दरापेक्षा काही अधिक पडेल. एवढ्या लाभासाठी चकचकीत सालीचा मोह सोडणे अवघड नाही.