दलाल कोणाचा?

मुलीसाठीं स्थळ पाहतांना आमचा सुशिक्षित मध्यमवर्ग जी चिकित्सा करतो, तिच्या दशांशानेंही तो राहतें घर विकावयास काढतांना करीत नाहीं. स्थळाची चौकशी थेट आजोळापर्यंत जाऊन होते. शस्त्रक्रिया करावयाची तर दहा जणांचें मत घेतलें जातें. परंतु ज्या घरांत उभ्या आयुष्याची पुंजी अडकलेली आहे, तें विकण्याचें काम मात्र कोपऱ्यावर पाटी दिसली म्हणून, किंवा शेजाऱ्याच्या मेहुण्याची ओळख निघाली म्हणून, कोणाच्याही हातीं सोंपविलें जातें. पुढें फसगत झाली म्हणजे ‘दलाल तो दलालच!’ असा उद्गार काढून आपण मोकळे होतों. आमचें भांडण आहे तें या उद्गाराशीं. फसगतीचा निम्मा दोष दलालाकडे खुशाल जावो. उरलेला निम्मा आपला आहे, आणि दुरुस्त करणें आपल्या हातीं आहे तो हाच.

आमच्या परिचयांतील एका निवृत्त शिक्षिकेची हकीकत सांगतों. पुण्यांत तिसऱ्या मजल्यावर त्यांची सदनिका. इमारतीला उद्‌वाहन नाहीं, आणि गुडघे तर रोज जिना मोजूं लागलेले. हें घर विकून तळमजल्यावरचें लहानसें घर घ्यावें, एवढाच त्यांचा मनोरथ. त्यांनीं तीन दलालांना विचारलें. एकानें पंच्याऐंशी लाख सांगितले, दुसऱ्यानें नव्वद, तिसऱ्यानें एक कोटि दहा लाख. बाईंनीं तिसऱ्याला पसंत केलें. या भरंवशावर त्यांनीं नव्या घराचा विसारही देऊन टाकला. त्या भावाला गिऱ्हाईक मिळेना. चार महिने गेले. ‘बाजार बसला आहे’ हें पालुपद सुरू झालें. आणि नव्या घराच्या मालकानें दिलेली मुदत संपत आली तेव्हां ब्याऐंशी लाखांचें एक गिऱ्हाईक पुढें आलें. बाईंनीं सही केली. खरेदीखताच्या दिवशीं त्यांना कळलें कीं दलालानें खरेदीदाराकडूनही दलाली घेतली आहे, आणि त्यांच्या मुदतीची तारीख खरेदीदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

या हकीकतींतील मर्म ब्याऐंशी लाखांत नाहीं. बाईंची अडचण हीच त्या सौद्यांतील सर्वांत मोलाची बातमी होती. ती त्यांनीं आपल्या माणसाला विश्वासानें सांगितली, आणि तो माणूस दोघांचा निघाला! म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं दलाल निवडतांना ‘भाव किती देतोस?’ हा प्रश्न शेवटचा, ‘तूं कोणाचा?’ हा पहिला.

यावर कोणी म्हणेल, दोन्ही बाजूंकडून शेंकडा एक-दोन घेण्याची ही तर जुनीच रूढि आहे. रूढि आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जुनेपणा हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. एकाच दाव्यांत वादी आणि प्रतिवादी या दोघांचेंही वकीलपत्र घेणाऱ्या वकिलाला आपण क्षणभर तरी उभा करूं काय? विकणाऱ्याला चढा भाव हवा, घेणाऱ्याला उतरता. या दोघांचें हित एकाच तोंडानें बोलणारा मनुष्य वस्तुतः तिसऱ्याचेंच हित पाहतो, आणि तो तिसरा म्हणजे तो स्वतः. १८७२ च्या करार-कायद्याला हें चांगलें ठाऊक होतें. दुसऱ्याच्या वतीनें व्यवहार करणाऱ्यानें धन्याच्या नकळत स्वतःचा धंदा साधूं नये, म्हणून त्याच्या २१५ व्या कलमांत एक उदाहरणच दिलें आहे: धन्यानें मिळकत विकावयास सांगितली आणि प्रतिनिधीनें ती दुसऱ्याच्या नांवानें स्वतःच घेतली, त्यानें महत्त्वाची गोष्ट लबाडीनें लपविली, किंवा व्यवहार धन्याला तोट्याचा झाला, असें दाखवितां आलें तर धन्याला ती विक्री झिडकारतां येते. दीडशें वर्षांपूर्वींचें हें शहाणपण आम्हां पदवीधरांच्या गांवींही नसावें, याचें नवल वाटतें.

बरें, दलाल एकाच बाजूचा असला तरी त्याचें आणि आपलें हित तंतोतंत एक असतें, असेंही नाहीं. हिशेब करून पाहावा. आज पंच्याण्णव लाखांचें गिऱ्हाईक दारांत आहे. दोन महिने थांबल्यास एक कोटि येण्याचा संभव आहे. थांबण्यांत मालकाचा फायदा पांच लाखांचा. शेंकडा एक दलाली घेणाऱ्याचा फायदा पांच हजारांचा, आणि त्यासाठीं साठ दिवसांची पायपीट. तो ‘आजच देऊन टाका’ असा सल्ला देईल, यांत नवल तें काय? लेव्हिट व सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत शिकागोच्या उपनगरांतील जवळजवळ एक लक्ष घरविक्रींची छाननी केली. दलालांनीं स्वतःचीं घरें विकलीं तेव्हां तशाच इतर घरांच्या मानानें शेंकडा ३·७ अधिक किंमत आली, आणि तीं घरें बाजारांत सुमारें साडेनऊ दिवस अधिक राहिलीं. तेथील रूढि निराळी, कायदा निराळा. परंतु स्वतःच्या घरासाठीं थांबण्याचा आणि दुसऱ्याच्या घराची घाई करण्याचा मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच आहे.

मग दलाल नकोच, असें कोणी म्हणतील. आम्ही तसें म्हणत नाहीं. हौशी बघ्यांतून खरा घेणारा वेचून काढणें, त्याच्या कर्जाची बँकेकडून तड लावणें, संस्थेचीं कागदपत्रें जुळविणें, साठेखतापासून नोंदणीपर्यंत दोन्ही पक्षांना धरून ठेवणें, हें कष्टाचें काम आहे आणि त्याचा मोबदला रास्त आहे. आपली चूक अशी कीं आपण हा मोबदला भीक घातल्यासारखा देतों, म्हणून काम करणाराही तसाच मिळतो. एकाच वेळीं पांच जणांना ‘गिऱ्हाईक आणा’ म्हणून सांगावयाचें. स्पर्धेनें भाव वाढेल अशी आशा बाळगावयाची. कागदावर कांहीं करावयाचें नाहीं. आणि सौदा ठरला कीं दलालींत अर्ध्यावर घासाघीस करावयाची! या पांचांपैकीं एकालाही आपल्या घरासाठीं झटण्याचें कारण उरत नाहीं. त्यांची स्पर्धा भाव चढविण्याची नसते. दुसऱ्याच्या आधीं कसाबसा सौदा उरकण्याची असते.

कायदा आपल्याला वांचवील, या भ्रमांतही कोणी राहूं नये. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ यानें दलालांना नोंदणी सक्तीची केली, आणि महाराष्ट्राच्या प्राधिकरणानें पुढें २०२३ सालीं त्यांच्यासाठीं प्रशिक्षण व परीक्षा यांचाही नियम केला. हें सर्व स्तुत्यच आहे. परंतु ती सक्ति प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गृहप्रकल्पांतील खरेदीविक्रीपुरती आहे. तीस वर्षांपूर्वींच्या सोसायटींतील सदनिका वा आजोबांचा वाडा त्या जाळ्यांत येत नाहीं. नोंदणी-क्रमांक अवश्य विचारावा. पण तेवढ्यावर डोळे मिटूं नयेत.

तेव्हां करावें काय? पहिली गोष्ट, जो दलाल भाव सांगेल त्याच्याकडून त्याच वस्तींतील गेल्या वर्षभरांत झालेल्या तीन विक्रींची सूची क्रमांक दोन मागावी. ती नोंदणी-विभागाकडून आपल्यालाही मिळवितां येते. कागद न दाखवितां जो सर्वांत मोठा आकडा बोलतो, तो आपल्या घराची किंमत सांगत नसून आपल्या लोभाची किंमत सांगत असतो. दुसरी, काम एकालाच द्यावें, साठ वा नव्वद दिवसांच्या मुदतीनें, आणि लेखी. दलाली किती, तिच्यावरील कर कोणी द्यावयाचा, आणि खरेदीदाराकडून तो एक पैही घेणार नाहीं, हें त्यांत स्पष्ट असावें. त्यासाठीं शेंकडा अर्धा अधिक द्यावा लागला तर तो आनंदानें द्यावा. तिसरी, विसाराची रक्कम थेट आपल्या खात्यांत यावी आणि कुलमुखत्यारपत्र दलालाला कदापि देऊं नये. चौथी, जो पहिल्याच भेटींत ‘रोख किती आणि धनादेशानें किती?’ असें विचारतो त्याला चहा न देतांच वाटेला लावावें. स्थावराच्या सौद्यांत २०,००० वा अधिक रुपये रोखीनें घेण्यास २०१५ सालापासून आयकराच्या कायद्यानें मनाई आहे. जो आपल्याबरोबर सरकारला फसविण्यास तयार आहे, तो दुसऱ्याबरोबर आपल्याला फसविण्यास कां कचरेल?

लेखी करार मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें आमच्या कित्येक सज्जन वाचकांना वाटेल. त्यांना आम्ही एवढेंच विचारतों: घर घेतांना बँकेनें आपल्याकडून किती कागदांवर सह्या घेतल्या होत्या? तेव्हां आपला अपमान झाला नाहीं. प्रामाणिक दलालालाही तो वाटणार नाहीं. उलट, दलालींत मागाहून कापाकापी होणार नाहीं, ही हमी त्यालाही त्याच कागदांत मिळते.

त्या शिक्षिकाबाई अद्याप तिसऱ्या मजल्यावरच राहतात. मात्र आतां भाड्याच्या घरांत. मुदतींत पैसे पुरे पडले नाहींत, विसार बुडाला, आणि तळमजल्याचें घर दुसऱ्या कोणाला गेलें. त्यांच्या दलालानें कोणताही गुन्हा केला, असें कोणत्याही न्यायालयांत सिद्ध होणार नाहीं. तो दोघांचाही माणूस होता, इतकेंच; आणि तो कोणाचा, हें त्याला कोणी विचारलेंच नव्हतें.