यादीबाहेरचे प्राध्यापक

विद्यापीठाच्या अधिसभेवर महाविद्यालयीन शिक्षकांना आपले दहा प्रतिनिधी निवडून पाठवता येतात. त्यासाठी संघटना पॅनेल उभे करतात, जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे होतात आणि निकालानंतर कोणाचे किती आले याची चर्चा रंगते. मतदार यादीत कोण नाही, याची चर्चा फारशी होत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने केलेल्या व्याख्येत शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. तासिका तत्त्वावरचा, म्हणजे ‘सीएचबी’वाला, प्राध्यापक त्यात बसत नाही. नेट-सेट झालेला हा माणूस तास घेतो आणि बदललेल्या अभ्यासक्रमाची टिपणेही काढतो. काही ठिकाणी तर अख्खा विभाग त्याच्याच जिवावर चालतो. पदभरती रखडलेली, त्यामुळे निवृत्त होणाऱ्या मतदाराच्या जागी बहुधा हाच मत नसलेला शिक्षक येतो. प्रतिनिधी दहाच राहतात. त्यांना निवडणारे मात्र घटत जातात.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कडाडून विरोध केला होता. त्यानुसार मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, जास्तीत जास्त शंभर फेलो, त्यांत निवडून येणारे वीस. बाकीचे कुलपतींनी नेमलेले. तेव्हा माणसे नेमून सिनेट मुठीत ठेवली. आता माणसे न नेमताही तेच साधते, आणि कायद्याला हातही लावावा लागत नाही.

सीएचबीवाल्यालाही मत द्यावे म्हटले, तर ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्याचे मत संस्थाचालकाच्या खिशात जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण गुप्त मतदान असतेच. आणि खासगी संस्थेतला कायम प्राध्यापक तरी संस्थाचालकापुढे कितीसा ताठ उभा असतो? सलग तीन वर्षे शिकवलेल्याला मताधिकार द्यायला काय हरकत आहे? रिक्त पदे भरली तर तीही तडजोड लागणार नाही, हे उघड आहे.

कायदा बदलणे अधिसभेच्या हातात नाही, ते विधिमंडळाचे काम. पण संलग्न महाविद्यालयांत किती पदे रिक्त आणि किती तास सीएचबीवर, याची महाविद्यालयनिहाय यादी मागणे नक्कीच हातात आहे. निवडून आलेल्या दहा जणांनी येत्या अर्थसंकल्पी बैठकीत तेवढा एक प्रश्न लावून धरावा.