पोट घरातल्या सगळ्यांचे मोजा

परभणीत आमच्या मोहल्ल्यातली तरुण मुले आता नियमाने जिमला जातात. प्रोटीन पावडरचे डबे घरोघर दिसतात. चांगलेच आहे. पण त्याच घरातली अम्मी गुडघे धरून जिना चढते, साखर वाढल्याचे तिला चक्कर आल्यावर कळते आणि तिचे वजन हा घरात कधी विषयच होत नाही. माझा आक्षेप इथे आहे.

भारतीयांसाठी बीएमआय २३च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. आपल्याकडे बेताच्या वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून हे आकडे युरोपीयांपेक्षा कमी ठेवलेत. शिंप्याची टेप पुरते.

मी दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहितो, त्यामुळे हिशेब मांडायची खोड आहे. सहा कप चहा, कपाला दोन चमचे साखर, चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ४८ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. दावतीतली बिर्याणी उगाच बदनाम होते. ती महिन्यातून एकदा-दोनदा. चहा रोजचा.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत मराठवाड्यात बहुतेकांना माहीत आहे. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवायचे, जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. सगळ्या आहारतज्ज्ञांना ती मान्य नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. पण अधूनमधून तोंड चालू ठेवणे बंद करा, एवढे तर पटण्यासारखे आहे. रमजानमध्ये आपण दोनदाच खाण्याची शिस्त महिनाभर पाळू शकतो. प्रत्यक्षात इफ्तारला भजी, समोसे, सरबत आणि मग सहरीपर्यंत काही ना काही चालूच. रोजे ठेवूनही ईदला कुर्ता तंग होतो तो यामुळे.

आपल्याच गावातल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सोबतीने २०१८मध्ये 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली. आणि आपण? पाहुणे आले की भाकरी लपवून मैद्याची नान मागवतो! सालनाबरोबर गरम भाकरी काय वाईट लागते?

सगळ्यात अवघड गोष्ट चालण्याची. फजरनंतर पुरुष मोकळ्या रस्त्याने फिरून येतात. बायकांनी निघायचे म्हटले की 'लोक काय म्हणतील' सुरू होते. बुरख्यात बाजारापर्यंत चालत गेलेले चालते, पण तब्येतीसाठी चाललेले चालत नाही, हे तर्कशास्त्र मला कळलेले नाही. गल्लीतल्या चार-पाच जणी मिळून निघाल्या तर आठवड्यात लोकांना सवय होते. त्या वेळात घरचा चहा-नाश्ता आणि मुलांचे डबे कोण करणार, हा खरा प्रश्न आहे. जिमला जाऊन दंड कमावलेल्या भावांनी आणि मुलांनी कणीक मळायला घ्यावी.