धार मोजली, पण विहीर?

एका विहिरीवर पंप बसवला आहे आणि त्याची धार जोरात पडते आहे असे समजा. यावरून विहिरीत पाणी भरपूर आहे, असा निष्कर्ष तुम्ही काढाल काय? काढू नका. पातळी मोजायची तर विहिरीत दोरीच सोडावी लागते. धारेवरून कळतो तो पंपाचा जोर. मासेमारीच्या हिशेबात मात्र पुढारलेल्या देशांनीही धारेलाच विहीर मानले आहे.

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड हे बेट आहे. १४९७ साली जॉन कॅबट हा दर्यावर्दी त्या बाजूला जाऊन आला आणि तेथील समुद्रात कॉड माशांची रेलचेल असल्याची वार्ता युरोपात पसरली. ज्याच्या यकृतापासून कॉडलिव्हर ऑइल काढतात, तोच हा मासा. मग युरोपातील गलबते दरसाल अटलांटिक ओलांडून येऊ लागली. खारवून वाळवलेला कॉड दूरदूरच्या बाजारांत जाई. बेटावरची बंदरे आणि गावे याच व्यापारावर वसली. साडेचार शतके मासेमारी चालली, तरी मासा संपला नाही. कारण समुद्राचा बराच भाग साध्या होड्यांच्या व गळांच्या आवाक्याबाहेर राही.

१९५० नंतर प्रचंड ट्रॉलर आले. मासा जहाजावरच साफ करून गोठवण्याची सोय त्यांत होती. पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि प्रतिध्वनीवरून माशांचा थवा हुडकायचा, ही विद्याही त्यांना अवगत होती. १९६८ साली या कॉडची पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली. पुढे ती झपाट्याने घसरली. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला हक्क सांगितला. पण परदेशी ट्रॉलरांची जागा देशी ट्रॉलरांनी घेतली.

खरा घोटाळा मोजणीत होता. ट्रॉलरांना मासा भरपूर मिळतो, त्या अर्थी समुद्रात तो भरपूर असलाच पाहिजे, या समजुतीचा तज्ज्ञांच्या अंदाजांवर मोठा प्रभाव पडला. वास्तविक उरलेला मासा थोड्या जागी एकवटला होता आणि यंत्रे नेमकी तीच जागा शोधीत. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मासा घटल्याची तक्रार करीत होते, पण तिला किंमत दिली गेली नाही. अखेर २ जुलै १९९२ रोजी सरकारने बंदी घातली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार बुडाला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ही बंदी उठली २०२४ मध्ये, तीही वर्षाला १८ हजार टनांची मर्यादा घालून!

यातून आपण काय शिकावे? माझे मत स्पष्ट आहे. बंदरावर किती टन मासा उतरला, एवढ्यावर समाधान मानू नये. तो पकडायला किती बोटी, किती तास आणि किती डिझेल लागले, आणि मासा केवढा होता, हेही नोंदले पाहिजे. छोट्या कोळ्याचा अनुभव हेही एक मापनच आहे.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवून दिली. मासा निदान एकदा अंडी घालून मग जाळ्यात यावा, हा त्यामागचा हेतू. मुद्दल राखून व्याज खावे, तसेच हे. पण डिझेलचा खर्च आणि कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना कोळी हातची कमाई सोडील कशी? तळहाताएवढ्या पापलेटाला बाजारात गिऱ्हाईक आहे, तोवर ते जाळ्यात येतच राहणार. म्हणून नियमाचा अर्धा भार गिऱ्हाइकानेच उचलला पाहिजे.

तुमच्या घरी मासे खात असतील, तर कंपासपेटीतील पट्टी एकदा बाजारात घेऊन जा. मासा मोजा, वहीत तारीख आणि लांबी टिपा, आणि पिल्लू असेल तर ते घेऊ नका, असे घरच्यांना सांगा. विहिरीत दोरी सोडण्याचे काम असे कोणीतरी सुरू केलेच पाहिजे.