मोरजीला ९ मीटरचा काइट नको

गोव्यातल्या मोरजीत काइटबोर्डिंग शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: स्वस्तात मिळतो म्हणून ९ चौरस मीटरचा काइट घेऊ नका. इथला वारा दुपारी, जमीन तापली की समुद्रावरून येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुधा १२ ते १५ नॉट. पंच्याहत्तर किलोच्या माणसाला त्यात १२ मीटर तरी हवाच, बोर्डही रुंद हवा. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस तुरळकच दिसत असेल, तर छोटा काइट बाहेर काढूच नये. तो तुम्हाला पाण्यावर उचलतच नाही. बोर्ड काखेत मारून किनाऱ्यानं चालत परतावं लागतं. उलट वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून पावसाळी वाऱ्यात हाच मोठा काइट जिवावर बेततो. विकत घेण्याआधी चार दुपारी भाड्याचा काइट उडवून बघा.