घड्याळ एकट्या आमच्याच मनगटावर का?



गेल्या पौषात मेळाव्याहून परतताना आमच्या जीपला रात्री रोही आडवा आला. ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. माणसे वाचली; बोनेट, रेडिएटर आणि दिवे गेले. जीप आमच्या ड्रायव्हर-कार्यकर्त्याच्याच नावावर, बँकेच्या कर्जाची. त्याची शेती चार एकर, कोरडवाहू. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिथेच फसलो.

सकाळी त्याने कंपनीला फोन लावला. हिंदीसाठी हे बटण दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, मग अर्धा तास गाणे. शेवटी ‘नोंद झाली’ एवढे ऐकू आले. सर्व्हेअर उगवला अकराव्या दिवशी. त्याने गाडी कमी पाहिली आणि पोराची उलटतपासणी जास्त केली: पिऊन होतास का? डुलकी लागली होती का? महिन्याने फोन आला, ‘खबर उशिरा दिली, क्लेम बंद.’ पोरगा म्हणाला, ‘‘भाऊ, मी तर सकाळीच फोन केला होता.’’ खरेच केला होता. पण नोंदीचा नंबर आम्ही लिहून घेतला नव्हता.

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. 2016 साली पंतप्रधान पीक विमा योजना आली, तेव्हा गारपिटीची खबर 48 तासांत द्या, असे बंधन आपल्यावर आले; पुढे ते 72 तासांचे झाले. रेंज नसो, वीज नसो, तास भरले की दावा गेला. भरपाईची वाट मात्र पुढच्या पेरणीपर्यंत पाहायची. गाडी असो की कपाशी, घड्याळ फक्त हप्ता भरणाऱ्याच्या मनगटावर!

वास्तविक कंपनीच्या मनगटावरही घड्याळ आहे. ते कोणी आपल्याला दाखवत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने जून 2024 मध्ये आदेश काढला. खबर मिळाल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, 15 दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि अहवालानंतर 7 दिवसांत निर्णय द्यायचा. कागद अपुरे, या सबबीवर दावा फेटाळता येत नाही. चोरीला गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले की, पोलिसांत फिर्याद लगेच दिली असेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून खरा दावा नाकारता येणार नाही.

आम्ही एवढेच केले. नकार लेखी मागितला, सकाळच्या फोनची वेळ मोबाइलमधून काढली आणि तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पत्र धाडले. जो क्लेम ‘बंद’ होता, तो तीन आठवड्यांत उघडला. 62 हजारांच्या बिलापैकी 41 हजार मिळाले. प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत कापली. ती कपात पॉलिसीत लिहिलेली होती, आम्ही वाचली नव्हती. ती चूक आमची.

म्हणून सांगतो. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. त्यात समोरच्याची भरपाई होते, आपल्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला छदामही मिळत नाही. आपली पॉलिसी कोणती, ते आजच घरी जाऊन पाहा. अपघात झाला तर जागेवरच फोटो काढा, नोंदीचा नंबर आणि वेळ लिहा, तोंडी नकार मानू नका. कंपनीने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाचे दार तर जिल्ह्यातच आहे.

आम्ही विम्याच्या विरोधात नाही. कोरडवाहू माणसाला विमा हवाच. पण हप्ता ही भीक नव्हे; तो करार आहे, आणि करार दोघांनाही बांधतो. ज्यांचे दावे तोंडी ‘बंद’ झाले आहेत, त्यांनी जिल्हा बैठकीला कागद घेऊन यावे. पत्रे आपण तिथेच बसून लिहू.