‘न फुटणारे’ हा गुणधर्म नव्हे

दुकानदार हेल्मेटची काच टेबलावर आपटून दाखवतो आणि म्हणतो, “बघा साहेब, अनब्रेकेबल!” गिऱ्हाईक समाधानाने पैसे मोजते. विद्यार्थी मित्रांनो, दुकानात हा शब्द चालेल. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावर थांबू नये. कशाने फुटत नाही? किती तापमानाला? किती वर्षे? हे प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही पदार्थाची ओळख पुरी होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही काच बहुधा काच नसतेच. ते असते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक. 1953 साली जर्मनीतील बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे तयार केले. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला 1.2 ग्रॅम, तर खिडकीच्या काचेची 2.5 ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच मापाचा तुकडा वजनाला निम्म्याहून कमी. दृश्य प्रकाशाचा 85 टक्क्यांहून अधिक भाग त्यातून आरपार जातो.

मग ते फुटत का नाही? काचेतील अणू एकमेकांना घट्ट जखडलेले असतात. घाव बसला की त्यांना सरकता येत नाही. बारीकशी चीर पडते आणि क्षणात पसरते. पॉलिकार्बोनेटचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. घाव बसताच त्या थोड्या सरकतात, ताणल्या जातात आणि आघाताची ऊर्जा त्या कामी खर्च होते. 1969 साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांची पारदर्शक शिरस्त्राणेही याच पदार्थाची होती.

आता दुसरी बाजू पाहू. आमच्या कामोठ्यात पावसाळा जवळ आला की जिन्यांवर, गॅलऱ्यांवर, गाळ्यांपुढे पारदर्शक पत्रे चढू लागतात. त्यांतले बरेचसे पॉलिकार्बोनेटचे असतात. या पदार्थाचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.000065 आहे, लोखंडाचा 0.000012. तापमान 30 अंशांनी वाढले, तर 4 मीटर लांबीचा पत्रा जवळजवळ 8 मिलिमीटर वाढतो आणि त्याखालचा लोखंडी अँगल जेमतेम दीड मिलिमीटर. म्हणून पत्र्याची भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवावी लागतात. ती तंग ठेवली, तर पत्रा फुगतो आणि भोकांपाशी तडकतो. शिवाय सूर्याच्या अतिनील किरणांनी हा पदार्थ पिवळा पडतो, ठिसूळ होतो. त्यावर उपाय म्हणून पत्र्याच्या एका अंगाला संरक्षक थर दिलेला असतो. ते अंग खाली गेले, तर थराचा उपयोग काय?

हेल्मेटच्या काचेचे तर त्याहून गंभीर. पॉलिकार्बोनेट चिवट खरे, पण काचेपेक्षा मऊ. शीव-पनवेल महामार्गावरून आलेल्या माणसाच्या हेल्मेटवर धूळ बसते. त्या धुळीत वाळूचे कठीण कण असतात. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसले की बारीक चरे पडतात. रात्री समोरून दिवे आले की प्रत्येक चरा प्रकाश विखुरतो आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. काही जण डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर वापरतात. अशा द्रवांनी ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म भेगा पडतात, मग तेच ‘न फुटणारे’ साध्या आघातानेही फुटू शकते. साबणाचे पाणी आणि मऊ कापड एवढे पुरे.

तिसरे उदाहरण बाळाच्या दूधबाटलीचे. पॉलिकार्बोनेट बनवताना बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरतात. बाटली वारंवार गरम केली की त्याचा अल्पसा अंश दुधात उतरू शकतो. म्हणून युरोपीय संघाने 2011 साली अशा दूधबाटल्यांवर बंदी घातली. भारतीय मानकानेही 2015 साली त्यांना मज्जाव केला. डोळ्यांपुढे जो पदार्थ हवा, तोच बाळाच्या ओठांशी नको, यात विसंगती काहीच नाही. उपयोग बदलला की कसोटीही बदलते.

आपल्या शाळांतून ‘प्लास्टिक: शाप की वरदान?’ हा निबंध वर्षानुवर्षे लिहून घेतला जातो. पण कोणते प्लास्टिक, हा प्रश्न कितीजण विचारतात? पिशवीचे पॉलिथीन, पाण्याच्या बाटलीचे पेट आणि हेल्मेटचे पॉलिकार्बोनेट यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे सोने आणि शिसे दोन्ही ‘धातू’ म्हणून एका भावाने विकणे होय.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्या निबंधाऐवजी मुलांना एक तक्ता करायला सांगावा. पदार्थाचे नाव, त्याची शक्ती, त्याची दुर्बलता आणि तो कोठे वापरू नये, असे चार रकाने पुरेत. पत्र्याची दोन मीटरची टाकाऊ पट्टी मिळाली, तर तिची लांबी सकाळी सावलीत आणि दुपारी उन्हात पोलादी टेपने मोजावी. पाठ्यपुस्तकातला प्रसरणांक मुलांना डोळ्यांनी दिसेल. आणि घरी वडिलांनी किंवा ताईने नवे हेल्मेट आणले, तर त्यावर आयएसआय चिन्ह आहे का, हे पाहण्याचे काम मुलांनी आपल्याकडे घ्यावे.